अंबारावाचे रेल्वे संग्रहालय आणि तुंतांगची गाडी: कोणत्या दिवशी जावे, कुठल्या खिडकीत बसावे

मध्य जावात सेमारांगहून दक्षिणेला निघालेला रस्ता बावेनच्या तिठ्यावर फुटतो. एक फाटा तुंतांग-सालातिगावरून सोलोला जातो, दुसरा मागेलांगवरून योग्याकार्ताला. या दुसऱ्या फाट्याने सातेक किलोमीटर गेले की अंबारावा लागते. गावातल्या जुन्या स्टेशनात इंडोनेशियाच्या सरकारी रेल्वे कंपनीचे, म्हणजे पीटी केएआयचे, संग्रहालय आहे आणि त्याच फलाटावरून सुट्टीच्या दिवशी तुंतांगपर्यंत पर्यटकांची गाडी सुटते. हे परीक्षण या दोन्हींचे. नुसती वाफेची इंजिने पाहायची असतील तर दोन तासांत काम होते. पण हे गाव नेमके इथेच का वसले, किल्ला इथे का बांधला, रूळ इथपर्यंत का आणले, हे समजून घ्यायचे असेल तर अर्धा दिवस राखून ठेवा. तो सत्कारणी लागतो, आणि आमच्या मते या जागेचे खरे मोल त्यातच आहे.

आधी गावाची जागा लक्षात घ्यावी. वायव्येला उंगारान (2,050 मीटर), दक्षिणेला तेलोमोयो (1,894 मीटर) आणि त्याच्या पाठीशी मर्बाबू (3,145 मीटर). या ज्वालामुखींच्या मधला सगळा मुलूख खोलगट आहे आणि चहूबाजूंचे पाणी उतरून त्याच्या तळाशी साठते. ते साठलेले पाणी म्हणजे रावा पेनिंग. या सरोवरातून पाणी बाहेर पडायला वाट एकच, ईशान्येची तुंतांग नदी. ती पुढे देमाकच्या बाजूने जावा समुद्राला मिळते. अंबारावा या खोलगट भागाच्या वायव्य काठावर, समुद्रसपाटीपासून साधारण 474 मीटर उंचीवर आहे. उत्तर किनाऱ्यावरच्या बंदरातून जावाच्या पोटात, सोलो आणि योग्याकार्ताच्या राजधान्यांकडे जायचे तर डोंगरांच्या मधून इथे यावे लागते आणि इथूनच पूर्वेला किंवा नैऋत्येला वळावे लागते. ज्याच्या हातात हा तळ, त्याच्या हातात दोन्ही रस्ते.

डचांना हे महत्त्व नीट उमगले ते योग्याकार्ताचा राजपुत्र दिपोनेगोरो याने त्यांच्याविरुद्ध केलेल्या युद्धानंतर. 1825 ते 1830 अशी पाच वर्षे चाललेल्या या युद्धाने वसाहतीचे सरकार जेरीस आले होते. दिपोनेगोरोला पकडले तेही इथून जवळच, मागेलांगला, 28 मार्च 1830 रोजी. त्यानंतरच्या दशकात अंबारावाला विलेम पहिला या राजाच्या नावाचा मोठा किल्ला उभा राहू लागला. भोवती मातीचे उंच बांध घातल्यामुळे तो लांबून दिसतच नाही, म्हणून स्थानिक लोक त्याला ‘बेन्तेंग पेंदेम’, म्हणजे पुरलेला किल्ला म्हणतात. किल्ला आधी आणि रेल्वे नंतर, हा क्रम पक्का धरा. संग्रहालयातल्या कित्येक गोष्टींचा उलगडा त्यानेच होतो.

जावातल्या पहिल्या रेल्वेचा मुहूर्त 17 जून 1864 रोजी सेमारांगला झाला. नेदरलँड्स-इंडिशे स्पोरवेग मात्सखापाय, म्हणजेच एनआयएस ही खासगी कंपनी सेमारांगपासून राजांच्या मुलखापर्यंत रूळ टाकणार होती. कंपनीला हवा होता आतल्या मळ्यांचा साखर-कॉफीचा माल. सरकारने परवाना देताना अट घातली की मुख्य मार्गावरच्या केडुंगजातीपासून एक फाटा विलेम किल्ल्यापर्यंत न्यायचा. सैन्य आणि दारूगोळा हलवायची ती सोय होती. सेमारांग-तांगुंग हा 25 किलोमीटरचा पहिला टप्पा 10 ऑगस्ट 1867 रोजी सुरू झाला आणि साधारण 37 किलोमीटरचा अंबारावाचा फाटा 21 मे 1873 रोजी. स्टेशनचे नावच ‘विलेम पहिला’ असे ठेवले होते. दर्शनी भागावर ते आजही वाचता येते. गावाचे नाव सोडून किल्ल्याचे नाव स्टेशनला का, असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. उत्तर त्या परवान्याच्या अटीत आहे.

या फाट्याच्या दोन रुळांमधले अंतर, म्हणजे रुंदी, 1,435 मिलिमीटर होती. पुढे दक्षिणेकडून, योग्याकार्ता ते मागेलांग, हा मार्ग 1898 मध्ये झाला तो 1,067 मिलिमीटरचा. डोंगरी भागात अरुंद रूळ स्वस्त पडतात आणि वळणेही तंग घेता येतात. मागेलांगच्या पुढचे सेचांग आणि अंबारावा यांच्यामधला तुकडा 1 फेब्रुवारी 1905 रोजी जोडला गेला आणि दोन वेगळ्या रुंदींचे रूळ अंबारावात समोरासमोर आले. एका गाडीचा डबा दुसऱ्या रुळावर जाणे शक्यच नव्हते. माणसांनी उतरून पलीकडच्या गाडीत बसायचे, माल हमालांनी पाठीवरून पलीकडे न्यायचा. आजची स्टेशनची इमारत 1907 ची आहे आणि ती नेमकी याच कामासाठी बांधलेली आहे: मधे इमारत, दोन्ही अंगांना फलाट, वर लोखंडी सांगाड्याचे मोठे छप्पर. फलाटाच्या मध्यावर उभे राहून आधी एका अंगाला बघा, मग दुसऱ्या. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मापाच्या गाड्यांसाठी बांधल्या होत्या, हे अजूनही ओळखू येते. जपानी ताब्याच्या काळात, 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला, मध्य जावातले रुंद रूळ उखडून सगळे 1,067 वर आणले गेले. त्यामुळे आज रुंद रूळ दिसणार नाही, पण इमारतीला ती घडामोड पुसता आलेली नाही. इथे पाच मिनिटे थांबावे. बहुतेक पाहुणे सरळ इंजिनांकडे धावतात आणि संग्रहालयातली सर्वांत बोलकी वस्तू, म्हणजे स्वतः स्टेशन, न पाहताच परततात.

1970 च्या दशकात रस्त्यावरच्या वाहतुकीपुढे हा मार्ग टिकला नाही. दक्षिणेला मेरापी ज्वालामुखीच्या चिखललोंढ्यांनीही रुळांचे नुकसान केले. स्टेशन बंद झाले आणि 6 ऑक्टोबर 1976 रोजी तिथे संग्रहालय करायचे ठरले. वाफेची इंजिने त्या वर्षांत झपाट्याने भंगारात निघत होती. निदान एकेक नमुना राहावा म्हणून ठिकठिकाणची इंजिने इथे ओढून आणली. आज आवारात अशी वीसहून अधिक इंजिने उभी आहेत.

प्रत्येक इंजिनावरची पाटी वाचत बसण्याआधी नंबर वाचायला शिकून घ्या, मग आवार फिरायला मजा येते. पहिले अक्षर म्हणजे एकमेकांना जोडलेल्या चालत्या आसांची संख्या. बी म्हणजे दोन आस, सी म्हणजे तीन, डी म्हणजे चार, ई म्हणजे पाच, एफ म्हणजे सहा. त्यापुढचे दोन आकडे त्या जातीचे, शेवटचे दोन त्या जातीतल्या इंजिनाचा क्रमांक. म्हणजे बी2503 हे दोन आसांच्या, 25 क्रमांकाच्या जातीतले तिसरे इंजिन. अक्षर दोनदा आले, जसे सीसी50, तर एकाच बॉयलरखाली तीन-तीन आसांचे दोन संच आहेत असे समजावे. सीसी50 जातीची इंजिने 1920 च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्समध्ये बनली. त्यांच्या चाकांचा पुढचा संच चौकटीला सांध्याने जोडलेला असतो, म्हणून एवढे लांब इंजिनही घाटातल्या वळणांवर वळते. खाली वाकून पुढच्या सिलिंडरांकडे जाणारी वाफेची नळी शोधा. ती हलत्या भागाला जोडायची असल्यामुळे तिला लवचिक सांधे द्यावे लागले. एफ1002 च्या शेजारी उभे राहून चाके मोजा: सहा जोडलेले आस, पुढे-मागे एकेक लहान चाकाचा. एका इंजिनाने इतके आस एकत्र ओढणे जगात फार थोड्या ठिकाणी झाले.

संग्रहालयात शिरतानाच्या लांब बोळात रेल्वेचा इतिहास क्रमाने मांडला आहे. तो वाचायला वीसेक मिनिटे लागतात. आत तारयंत्रे, जुने टेलिफोन, पुठ्ठ्याच्या तिकिटांवर तारखेचा शिक्का मारणारी यंत्रे आणि सिग्नल-सांधे हलवायच्या तरफांची चौकट आहे. या चौकटीपाशी जरा थांबावे. एक तरफ ओढली की तिच्या विरोधातली दुसरी तरफ आपोआप अडकते, त्यामुळे एकाच रुळावर दोन गाड्यांना एकाच वेळी वाट देणे सांधेवाल्याला मनात असले तरी जमत नाही. विजेशिवाय, नुसत्या लोखंडी पट्ट्या आणि खाचांनी केलेली ही व्यवस्था आहे. आवारात सिकोया, सिचायूर, क्रोनेलान, तेकारान अशा दुसरीकडच्या छोट्या थांब्यांच्या इमारती उचलून आणून पुन्हा उभ्या केल्या आहेत. बहुतेक लोक त्यांच्यासमोर फोटो काढतात आणि पुढे जातात. पण मोठ्या स्टेशनांच्या मानाने खेड्यातला थांबा किती लहान आणि साधा असे, ते त्या इमारतींतच कळते.

आता या जागेची खरी शान: दातेरी रूळ. जावात असा मार्ग हा एकच, इंडोनेशियात दुसरा पश्चिम सुमात्रात. अंबारावाहून नैऋत्येला निघालेली गाडी जांबू स्टेशनपर्यंत जवळजवळ सपाटीवरून जाते. जांबू 479 मीटरवर, त्यापुढचे बेडोनो स्टेशन 711 मीटरवर, मधले अंतर पाच किलोमीटरही नाही. चढ अनेक ठिकाणी हजारी 65 आहे, म्हणजे 1,000 मीटर चालले की 65 मीटर वर. अशा चढावर गाडीच्या दर टनामागे 65 किलो वजनाइतकी ओढ मागे खेचत असते. 30 टनांची गाडी म्हटली तर ही ओढ दोन टनांच्या जवळ जाते. गुळगुळीत चाक गुळगुळीत रुळावर इतके धरत नाही, पाऊस असेल तर नाहीच नाही. चाक जागच्या जागी फिरते आणि गाडी मागे घसरू लागते.

यावर उपाय म्हणून दोन रुळांच्या मधे तिसरा रूळ टाकलेला आहे, रिगेनबाख पद्धतीचा. दोन उभ्या पोलादी पट्ट्या आणि त्यांच्यामधे शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे दांडे. दांड्यांचा छेद वर अरुंद, खाली रुंद असा समलंब असतो, त्यामुळे इंजिनाच्या पोटातले दातेरी चक्र त्यात घट्ट बसते. एस्लिंगेन या जर्मन कारखान्याची बी25 जातीची इंजिने याच मार्गासाठी आणली होती. त्यांना सिलिंडरांच्या दोन जोड्या आहेत. एक जोडी नेहमीची चाके फिरवते, दुसरी दातेरी चक्र. इंजिनाच्या बाजूला उभे राहिले की दोन्ही जोड्या आणि त्यांचे वेगवेगळे दांडे डोळ्यांनी वेगळे करता येतात. खाली वाकून चाकांच्या मधे पाहिलेत तर चक्राचे दातही दिसतात. बी2502 आणि बी2503 इथे आहेत. बी2501 गावातल्याच पालागान स्मारकात उभे आहे.

जांबूला इंजिन सुटून गाडीच्या मागच्या टोकाला येते आणि तिथून डबे वर ढकलत नेते. असे करायचे कारण साधे आहे: चढावर जोडणी तुटली तरी डबे इंजिनावर टेकलेले राहतात, उलटे सुटून खाली येत नाहीत. दातेरी रूळ सुरू होतो तिथे इंजिनाला अगदी हळू न्यावे लागते. चक्राचा दात दांड्यावर चढला तर धक्का बसतो, दात झिजतात आणि कधी तुटतात. असे चक्र दुकानात विकत मिळत नाही, पुन्हा घडवून घ्यावे लागते. या मार्गाची देखभाल महाग का, याचे उत्तर यातच आहे.

आणि ज्यावरून सर्वाधिक लोक निराश होतात ती गोष्टही इथेच आली. नेहमीच्या तिकिटावर वाफेचे इंजिन मिळत नाही आणि बेडोनोही मिळत नाही. वाफेची गाडी गटाने आगाऊ आरक्षण करून, पूर्ण गाडीचे पैसे भरूनच निघते आणि ती रक्कम एकट्यादुकट्याच्या आवाक्यातली नाही. थंड बॉयलर तापून वाफ धरायला कित्येक तास जातात, म्हणून सकाळी विचारून दुपारी गाडी निघेल अशी आशा ठेवू नका. बेडोनोचा मार्ग कायम चालू असतो असेही नाही. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: त्या तारखेला जांबूच्या पुढे गाडी जाणार का, कोणते इंजिन लागणार, आणि इंजिन नादुरुस्त झाले तर डिझेल लावणार की पैसे परत. इंजिनात सागाची लाकडे जाळतात, ठिणग्या मोकळेपणाने उडतात. सुती कपडे घाला, डोळ्यांना चष्मा असू द्या, आणि नवे कोरे पांढरे काही अंगावर नको.

सर्वसामान्यांसाठी असलेली तुंतांगची गाडी मात्र अगदी सहज मिळते आणि ती कुणी चुकवू नये. शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्ट्यांना तिच्या काही फेऱ्या असतात. एरवी मधल्या वारी गेलात तर संग्रहालय उघडे आणि गाडी मात्र नाही, असे होते. संग्रहालयाचे तिकीट वेगळे आणि गाडीचे वेगळे. आधी गाडीचे काढा, मग उरलेल्या वेळात संग्रहालय बघा. उलट क्रमाने गेलेल्यांना लेबारानच्या, म्हणजे ईदच्या, आणि शाळांच्या सुट्ट्यांत खिडकीवर ‘जागा संपल्या’ हे ऐकावे लागते. पुढे बहुधा डी300 जातीचे डिझेल इंजिन असते. जर्मनीच्या क्रुप कारखान्यातली 1950 च्या दशकातली ही इंजिने आता स्वतःच संग्रहालयात शोभावीत अशी झाली आहेत. डबे जुने लाकडी, बाकडी लाकडी, खिडक्या उघड्या, वातानुकूलन नाही. पाठ दुखणाऱ्यांनी छोटी उशी न्यावी. जाऊन-येऊन साधारण एक तास लागतो, त्यात तुंतांगला इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागण्याचा वेळही आला. तेवढ्यात खाली उतरून जोडणी कशी सोडतात-लावतात ते पाहता येते, मात्र रुळांपासून लांब उभे राहून.

बसायचे कुठे? जाताना उजव्या खिडकीत. गाडी पूर्वेला जाते, रावा पेनिंग दक्षिणेला राहते, म्हणून पाणी, भाताची खाचरे, तेलोमोयो आणि मर्बाबू हे सगळे उजव्या हाताला. येताना तेच डाव्या हाताला. त्यामुळे परतीला लोक जागा बदलायला निघतात आणि गोंधळ होतो. दोघे असाल तर आधीच ठरवून एकमेकांशी अदलाबदल करा. पहिली फेरी गाठणे फार महत्त्वाचे. डोंगर सकाळी मोकळे असतात, दुपारकडे ढग चढतात आणि मग मर्बाबू कुठे आहे हे बोटाने दाखवूनही पटत नाही. नोव्हेंबर ते मार्च पावसाचे महिने, दुपारनंतर सर हमखास. जून ते सप्टेंबर सर्वांत उत्तम.

खिडकीतून काय पाहायचे, हे माहीत असेल तर हा तास फार मोठा वाटतो. सरोवराची कड स्थिर नाही. कोरड्या महिन्यांत पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळात शेतकरी भात लावतात आणि पाणी लवकर चढले तर उभे पीक बुडते. तुंतांग नदी सरोवरातून निघते तिथे डच काळात बांध घालून पाणी अडवले. त्याच पाण्यावर खाली जेलोकचे वीजघर 1930 च्या दशकाच्या अखेरीपासून चालते. त्यामुळे पाणी किती ठेवायचे यावर शेतकरी, कोळी आणि वीजघर यांचे हित वेगवेगळे आहे. पाण्यावर हिरवे रान दिसते ती जलपर्णी. तिने सरोवराचा मोठा भाग झाकला आहे. होड्या तिच्यात अडकतात, ती कुजून तळाशी बसते आणि सरोवर उथळ होत जाते. काठावरचे लोक तिचे देठ कापून वाळवतात आणि पिशव्या, टोपल्या, फर्निचरच्या विणकामासाठी विकतात. पण वाढीचा वेग कापणीपेक्षा जास्त आहे.

सरोवराची लोककथा इथला प्रत्येक जण सांगतो. बारू क्लिंतिंग नावाच्या कुरूप पोराला गावाने हाकलले. त्याने जमिनीत एक काडी रोवली आणि उपटून दाखवा म्हणाला. कुणालाच जमले नाही. त्याने स्वतः उपटली तेव्हा त्या भोकातून पाणी उसळले आणि गाव बुडाले. त्याला जेवू घालणारी एक म्हातारी तेवढी भात कांडायच्या लाकडी उखळीत बसून तरली. खोलगट मुलखात पाणी कुठून येते आणि कुठे साठते, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले त्यांनी ही कथा रचली. गाडीत बसून ऐकायला याहून चांगली गोष्ट नाही.

तुंतांगचे स्टेशन लहान आणि टुमदार आहे. इथे एक तारीख लक्षात ठेवावी: 18 सप्टेंबर 1811. जावाचा गव्हर्नर जनरल यानसेन्स इंग्रजांकडून हरला आणि तुंतांगला त्याने शरणागतीच्या करारावर सही केली. पुढची पाच वर्षे जावा इंग्रजांच्या हाती होते. उत्तरेच्या किनाऱ्यावरून मागे हटणारे सैन्य याच खोलगट मुलखात येऊन थांबणार, हे नकाशा पाहिला की कळते. तुंतांगच्या पुढे केडुंगजातीपर्यंतचा मार्ग पुन्हा सुरू करायचे काम 2010 च्या दशकात हाती घेतले गेले आणि अर्ध्यावर थांबले. ते पूर्ण झाले तर सेमारांगहून थेट रेल्वेने अंबारावाला येता येईल. व्हायला हवे, असे मनापासून वाटते.

संग्रहालयाबद्दल तक्रार एकच, पण ती महत्त्वाची. इंजिनांना इथे जेवढा मान आहे तेवढा मुलखाला नाही. रूळ इथे का आले, दातेरी मार्ग कुठून कुठे चढत होता, किल्ला स्टेशनच्या कोणत्या अंगाला, हे पाहुण्याला स्वतःच जुळवावे लागते. म्हणून उंचसखलपणा दाखवणारा नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून न्या. दातेरी रुळाचा तुकडा आणि बी25 चे चक्र यांपाशी मार्गदर्शक घ्यावा. नीट जाणणारा माणूस मिळाला तर त्याचे पैसे वसूल होतात. उघड्यावरच्या इंजिनांवर मुलांना चढू देऊ नका. पायऱ्यांचे पत्रे जुने आहेत आणि उन्हात लोखंड चांगलेच तापते.

स्टेशनपासून पुढे पालागान स्मारक. जपानी काळात अंबारावा आणि बान्युबिरूच्या बराकींत, शाळांत, इस्पितळात हजारो डच बायका-मुले डांबलेली होती. ऑक्टोबर 1945 मध्ये त्यांना सोडवायला ब्रिटिश फौज सेमारांगला उतरली आणि मागेलांगपर्यंत गेली. इंडोनेशियाच्या नव्या प्रजासत्ताकाच्या सैन्याशी तिचे खटके उडाले, ती मागे हटून अंबारावात आली. 26 नोव्हेंबरला प्रजासत्ताकाच्या बाजूचे लेफ्टनंट कर्नल इस्दिमान हवाई हल्ल्यात पडले आणि सूत्रे सुदिरमान यांनी हाती घेतली. 12 डिसेंबरच्या पहाटे चढाई सुरू झाली. दोन बाजूंनी वेढून मुख्य वाट तोडायची, या डावपेचाला ‘सुपित उरांग’, म्हणजे कोळंबीचा पंजा, असे नाव आहे. 15 तारखेला ब्रिटिश सेमारांगकडे निघून गेले. तो दिवस इंडोनेशियाचे भूदल दरवर्षी साजरा करते. स्मारकाचे उद्घाटन 1974 मध्ये झाले. बावेनकडची वाट तोडली की या तळात अडकलेल्या फौजेची काय गत होते, हे गाडीतून तो मुलूख पाहून आल्यावर लगेच समजते. म्हणून स्मारक गाडीनंतर पाहावे.

किल्ल्याचा काही भाग तुरुंग म्हणून वापरला गेला आणि काही भाग सैन्याकडे होता. अलीकडे डागडुजीही झाली आहे. कुठपर्यंत आत सोडतात ते दाराशी विचारा, तुरुंगाच्या भिंतीकडे कॅमेरा रोखू नका.

यायचे कसे: सेमारांगहून ट्रान्स जातेंगची बस बावेनपर्यंत येते, स्वस्त आणि थंडगार. बावेनच्या स्थानकावरून अंबारावाकडे जाणारी छोटी गाडी किंवा मागेलांग-योग्याकार्ताची बस धरायची. चढण्याआधी ‘अंबारावा’ असे विचारूनच चढा, कारण सोलोच्या बसही तिथेच लागतात. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी बावेनचा टोल नाका सकाळी लवकर ओलांडावा. सुट्टीच्या दिवशी त्या तिठ्यावर तुंबते आणि पहिली फेरी हातची जाते. खायला मागेलांगच्या रस्त्यावर न्गांपिनला थांबा. तिथे रस्त्याकडेच्या टपऱ्यांत मातीच्या तव्यावर तांदळाच्या पिठाच्या छोट्या सेराबी भाजतात आणि नारळाच्या दुधात गूळ घातलेल्या ‘जुरूह’मध्ये बुडवून देतात. डोळ्यांदेखत तव्यावरून उतरलेली मागा. आधीच करून ठेवलेली जुरूहमध्ये लगेच विरघळते.